गाडीचा घसा बसतो तेव्हा

गाडीचा आवाज अचानक वाढला की आपण काय करतो? रेडिओचा आवाज वाढवतो! निदान मी तरी तेच केलं होतं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे १९९९ सालची मारुती ८०० होती. राहायला रत्नागिरीत, म्हणजे खारा वारा आणि चार महिने पाऊस. गाडीचा सायलेन्सर फुटला होता. भोकावर पत्र्याची पट्टी गुंडाळून मी वेळ मारून नेत होतो. जुलैमध्ये आईला घेऊन आंबा घाटातून कोल्हापूरला निघालो. पाऊस धो धो, त्यामुळे काचा बंद. साखरप्याच्या पुढे मागच्या सीटवरची आई म्हणाली, "अरे, डोकं फार दुखतंय, मळमळतंय." मी म्हटलं, "घाटाची वळणं आहेत, होतं असं." थोड्या वेळाने ती बोलेनाशी झाली, पेंगायला लागली. मी घाबरलो. गाडी थांबवून दारं उघडली. पावसात भिजत, मोकळ्या हवेत अर्धा तास बसल्यावर तिला बरं वाटलं. कोल्हापुरात मिस्त्रींनी गाडी वर घेऊन दाखवलं. माझी पट्टी केव्हाच गळून पडली होती आणि वरच्या पत्र्यालाही गंजून भोक पडलं होतं. धूर थेट आत येत होता.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणून डोकेदुखी, मळमळ, गुंगी, आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर मृत्यू. सायलेन्सर केवळ आवाज कमी करण्यासाठी असतो, हा माझा समज त्या दिवशी गेला. धूर माणसांपासून दूर, गाडीच्या मागे नेऊन सोडणं हेही त्याचं काम असतं.

आता तो गंजतो का? एक लिटर पेट्रोल जळलं, की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. लांबच्या प्रवासात नळी तापते आणि वाफ बाहेर पडते. पण गाडी रोज फक्त बाजारापर्यंत नेली, तर सायलेन्सर पुरता तापत नाही. वाफेचं पाणी होऊन आतच साचतं. म्हणजे तो आतून गंजतो, बाहेरून खारी हवा आणि चिखल असतोच.

त्यानंतर मी नवा सायलेन्सर आणून घरीच बसवला. काम अवघड नाही, पण त्याला शिस्त लागते. सर्वांत पहिली गोष्ट, गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याखाली कधीही शिरू नका. जॅक चाक बदलण्यासाठी असतो, माणसाच्या जिवाची हमी द्यायला नाही. सपाट, पक्की जमीन हवी. हँडब्रेक ओढा, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि गाडी दोन मजबूत लोखंडी स्टँडवर टेकवा. विटा रचू नका, त्या भाराने फुटतात. गाडी हलवून पाहा, मगच खाली जा. घरातलं कुणीतरी हाकेच्या अंतरावर असू द्या.

इंजिन पूर्ण गार हवं. गंजलेल्या नटांवर आदल्या संध्याकाळीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. खाली झोपलं की गंजाचा चुरा नेमका डोळ्यांत पडतो. आधी पुढच्या जोडाचे नट सोडवा. तोवर सायलेन्सर मागच्या रबरांवर लटकलेला राहतो. मग त्याच्याखाली आधार देऊन रबरं काढा. रबर निघत नसेल तर साबणाचं पाणी लावा.

नवा बसवताना क्रम उलटा. रबरं चिरली असतील तर नवीन घ्या. जोडातली गॅस्केट तर नवीच हवी, जुनी पुन्हा वापरून वाचवलेले पैसे धुरात जातात. आधी सगळे नट हातानेच सैल लावा. नळी कुठे घासत नाही ना, पेट्रोलच्या टाकीला किंवा ब्रेकच्या नळीला टेकत नाही ना, हे पाहा. मग पुढून मागे येत, नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. मी घाईत एकच बाजू आधी घट्ट केली, जोड तिरका बसला आणि सगळं पुन्हा सोडवावं लागलं!

शेवटी परीक्षा. गाडी उघड्यावर उभी करा, बंद गॅरेजमध्ये इंजिन अजिबात चालू करू नका. इंजिन गार असतानाच चालू करून जोडांवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर जोड गळतो आहे. नव्या भागावरचं तेल-रंग जळल्याचा वास पहिली काही मिनिटं येतो, त्याने घाबरू नका. शंभरेक किलोमीटर चालल्यावर, गाडी गार करून नट पुन्हा तपासा.

घरी केव्हा करू नये, तेही सांगतो. इंजिनाला चिकटलेला बोल्ट तुटला, तर थांबा आणि मिस्त्रींना बोलवा. वेल्डिंगचं काम असेल तर पेट्रोलच्या टाकीजवळ स्वतः प्रयोग करू नका. नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतात. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे महागडे धातू असतात. तो काढून साधी नळी बसवून देतो, असं कुणी म्हणालं तर हात जोडा. गाडी कायद्यात बसणार नाही आणि आपला विषारी धूर मागच्या रिक्षातल्या मुलाच्या नाकात जाईल.

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, आमचीही पुढे भंगारात गेली. पण सवय राहिली. गाडीचा आवाज बदलला की मी आता रेडिओ बंद करतो आणि नीट ऐकतो. आई गाडीत बसली की आजही पहिल्यांदा काच थोडी खाली करते. मी तिला काही म्हणत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)