सॉफ्टवेअर मारण्याआधी



केळझरचा एखादा शेतकरी अडलेला फोन घेऊन सेलूच्या नाहीतर वर्ध्याच्या दुकानात जातो. दुकानदार दोनदा बटण दाबून पाहतो आणि सांगतो, "सॉफ्टवेअर मारा लागन, भाऊ." शेतकरी मान डोलावतो. फोन चालू होतो, आणि घरी आल्यावर कळतं की लेकीच्या लग्नाचे फोटो गेले. या सॉफ्टवेअर मारण्याविषयी मला आज बोलायचं आहे. फोन आपला, त्यातला ऐवज आपला, आणि तो पुसायचा की नाही हे मात्र दुसराच कुणी ठरवतो, हे मला पटत नाही.

फोनचं सॉफ्टवेअर दोन रीतींनी नवं होतं. कंपनी इंटरनेटवरून बिनतारी पाठवते ते अपडेट ही एक रीत. संगणकाला केबलने जोडून सगळी प्रणाली नव्याने बसवायची, म्हणजे फ्लॅश मारायचा, ही दुसरी; दुकानदाराचं सॉफ्टवेअर मारणं ते हेच. पावसाळ्याआधी कवेलू फेरणं आणि घर पायापासून पाडून बांधणं, एवढं अंतर या दोहोंत आहे.

फोनच्या साठवणीत प्रणालीची जागा वेगळी असते आणि आपल्या फोटो, नंबर, ॲपची वेगळी. बिनतारी अपडेट प्रणालीच्या जागेतच काम करतं, आणि बहुतेक वेळा तिथलाही बदललेला तेवढाच भाग उतरवून घेतं. म्हणून ते आकाराने लहान असतं आणि आपल्या वस्तूंना हात लावत नाही. आयफोनला ही सोय 2011 साली मिळाली. त्याआधी अपडेटसाठी तो संगणकालाच जोडावा लागे.

"अपडेट केलं अन् फोन बंद पडला" ही भीती गावोगाव ऐकू येते, आणि ती अगदीच निराधार नाही. बॅटरी मध्येच संपली, जागा अपुरी पडली, की जुने फोन खरोखरच अडकत. यावर 2016 साली अँड्रॉइड 7 मध्ये फार चांगला उपाय आला. ज्या फोनांत तो आहे, त्यांत प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची व्यवस्था असते. आपण फोनवर बोलत असतानाच नवी प्रणाली दुसऱ्या जागी लिहिली जाते. पुढच्या वेळी फोन तिच्यावर सुरू होतो, आणि ती उठलीच नाही तर मुकाट जुनीवर परत येतो. ही व्यवस्था आता बहुतेक नव्या फोनांत असते. तरीही अपडेट लावताना बॅटरी निम्म्याहून जास्त असावी आणि दोन-चार जीबी जागा मोकळी असावी.

अपडेट टाळत राहणंही धोक्याचं आहे. 2015 साली अँड्रॉइडमध्ये असा एक दोष सापडला की नुसता एक व्हिडिओ-संदेश आला तरी फोनमध्ये शिरकाव होऊ शकत होता. त्याच वर्षी ऑगस्टपासून गूगलने दर महिन्याला सुरक्षा-दुरुस्त्या देणं सुरू केलं. ज्या फोनवर पीककर्जाचे संदेश आणि बँकेचे ओटीपी येतात, त्याला या दुरुस्त्या मिळायलाच हव्यात.

मग फ्लॅश कधी मारावा? फोन कंपनीच्या नावावरच अडकून राहिला, सारखा आपोआप बंद-चालू होऊ लागला, आणि बाकी सगळे उपाय थकले, तेव्हा. नुसता संथ झालेला फोन हे त्याचं कारण नव्हे. आधी नको असलेले व्हिडिओ काढा, अलीकडे टाकलेलं संशयास्पद ॲप काढा, फोन एकदा बंद करून सुरू करा. आणि दुकानदाराला स्पष्ट विचारा: डेटा राहील का? फाइल नेमकी याच मॉडेलची आहे ना? चुकीच्या मॉडेलची किंवा फार जुनी फाइल टाकली, तर चालू फोनही पार डेड होऊ शकतो.

"फोटो मग काढून देऊ" या दुकानदाराच्या आश्वासनावर विसंबू नका. अँड्रॉइड 10 पासून प्रत्येक नव्या फोनमधला आपला मजकूर कुलूपबंद स्वरूपात लिहिला जातो, आणि फोन पुसला की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. ती पुन्हा घडवणं भल्या कारागिरालाही जमत नाही. चोराच्या हाती मजकूर लागू नये म्हणून केलेली ही सोय आहे. तिच्यापुढे मालकही हतबल होतो.

आपल्या शेतकऱ्याचं तर याहून मोठं नुकसान होऊ शकतं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. कपाशी, सोयाबीन, तुरीची नोंद सातबाऱ्यावर चढावी म्हणून शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून फोटो काढतो. शिवारात रेंज नसेल तर नोंद फोनमध्येच थांबते. ती वर चढण्याआधी फोन पुसला, किंवा नुसतं ॲप काढून टाकलं, तर पुन्हा बांधावर जावं लागेल, आणि मुदत टळली असेल तर नोंदच राहून जाईल. दुकानात जाण्याआधी ती अपलोड झाली आहे का, एवढं पाहाच.

आणखी एक अडचण नेहमी येते. 2015 सालच्या अँड्रॉइड 5.1 पासून, रिकव्हरीतून, म्हणजे फोनच्या दुरुस्ती-मेनूतून, किंवा केबलने पुसलेला फोन सुरू होताना आधीचंच जीमेल खातं मागू शकतो. गावात पुष्कळांचं खातं फोन घेताना दुकानातल्या पोराने उघडून दिलेलं असतं, आणि त्याचा पत्ता मालकाला ठाऊक नसतो. आज संध्याकाळीच सेटिंगमध्ये जाऊन तो पत्ता पाहा, वहीत लिहा, आणि पासवर्ड चालतो की नाही तेही तपासा. याच खात्यात 15 जीबीपर्यंत मजकूर फुकट ठेवता येतो. फोटो आणि नंबर तिथे चढवून ठेवा.

शेवटी एक सावधगिरी. खरं सिस्टीम अपडेट फोनच्या सेटिंगमध्येच मिळतं. ते व्हॉट्सॲपवर कुणी पाठवत नाही. पीएम किसानच्या नावाने, वाहनाच्या चलनाच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे ॲप बसवणाऱ्या, फाइली फिरतात. त्या उघडून बसवल्या की बँकेचे संदेश दुसऱ्याच्या हाती जातात. तशी फाइल चुकून बसवली गेली आणि खात्यातून पैसे गेले, तर इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा.