घरगुती आंदोलकाचें टँक सर्किट

सन १९४२ च्या ऑगस्टमध्यें मुंबईंत एक गुप्त नभोवाणी-केंद्र सुरू झालें. उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं चालविलेल्या या काँग्रेस रेडिओची जागा श्रोत्यांपासून लपविलेली असे. त्यांस सांगितला जाई तो एकच आंकडा, ४२.३४ मीटर. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं तें केंद्र पकडलें. केंद्राची जागा लपवितां येते. लहरीची लांबी मात्र उघड सांगावी लागते, आणि एकदां सांगितली कीं पाळावी लागते. व्हॉल्व्हच्या आंदोलकांत हें वचन पाळण्याचें काम कॉइल व कंडेन्सर यांच्या जोडीकडे असतें. या जोडीस टँक सर्किट म्हणतात.

श्रोत्यांनीं कोंकणी घराच्या पडवींतील झोपाळा डोळ्यांपुढें आणावा. एका झोक्यास किती वेळ लागावा हें कड्यांची लांबी ठरविते. पायाचा रेटा केवळ झीज भरून काढतो. त्याचप्रमाणें टँक सर्किटमध्यें विद्युच्छक्ति कंडेन्सरमधून कॉइलमध्यें व कॉइलमधून पुनः कंडेन्सरमध्यें हेलकावे खाते. व्हॉल्व्ह हा नुसता पायाचा रेटा होय.

मालवणच्या एखाद्या घरांत तोच ४२.३४ चा आंकडा साधावयाचा आहे असें समजूं. ही लहर म्हणजे सेकंदास सुमारें ७० लक्ष ८० हजार हेलकावे, अर्थात् ७.०८ मेगॅहर्ट्झ. गणित सोपें आहे. मेगॅहर्ट्झच्या आंकड्याचा वर्ग करून त्यानें २५,३३० ला भागावें; येणारा भागाकार हा मायक्रोहेन्री व पिकोफॅरड यांचा गुणाकार असतो. येथें तो ५०५ येतो. आतां ५० पिकोफॅरडास १० मायक्रोहेन्री घेतले काय, किंवा २०० पिकोफॅरडास अडीच घेतले काय, गुणाकार जवळजवळ तोच. मग निवड कशाच्या आधारें करावी?

व्हॉल्व्हच्या अंगींहि थोडी धारकता असते आणि तो तापला कीं ती बदलते. हा बदल एक पिकोफॅरडचा धरला, तर ५० च्या टँकमध्यें लहर ४२.३४ वरून ४२.७६ मीटरवर सरकेल. २०० च्या टँकमध्यें ती ४२.४५ वरच थांबेल. पहिल्या केंद्राचा श्रोता त्यास हरवून बसेल. दुसऱ्याच्या श्रोत्यास बटण किंचित् फिरविलें कीं पुरे. तर मग हजारांचाच कंडेन्सर कां घेऊं नये? कारण तसें केल्यास टँकमध्यें फिरणारा प्रवाह फार वाढतो, शक्ति तारेंतच उष्णतेच्या रूपानें वायां जाते, आणि रेटा अपुरा पडून आंदोलन बंद होण्याचा संभव असतो. म्हणून दोनशें हा मध्यम मार्ग बरा. त्यांत दीडशेंचा अभ्रकी कंडेन्सर स्थिर ठेवावा. व्हॉल्व्ह व जोडतारा यांची धारकता जमेस धरून बाकीची भरपाई लहान फिरत्या कंडेन्सरनें करावी.

कॉइलसाठीं अमेरिकन अभियंता व्हीलर याचें १९२८ सालचें सूत्र उपयोगी पडतें. दीड इंच व्यासावर, एक पूर्णांक एक-अष्टमांश इंच लांबींत नऊ वेढे घेतले कीं अडीच मायक्रोहेन्री साधतात. हार्टलेच्या मांडणींत कॅथोडची जोडणी भूमीकडील टोंकापासून तिसऱ्या वेढ्यावर करावी.

समुद्रकांठच्या माणसास येथें आणखी एक दक्षता घ्यावी लागते. इतक्या वेगाचा प्रवाह तारेच्या गाभ्यांतून जात नाहीं; तो मिलिमीटरच्या सुमारें चाळिसाव्या हिश्श्याएवढ्या वरच्या थरांतूनच वाहतो. खाऱ्या वाऱ्यानें तांब्यावर कळंक चढला, कीं प्रवाहाची वाटच बिघडते. पुठ्ठ्याची नळी पावसाळ्याच्या चार महिन्यांत दमट होते व टँकचा गुण उतरतो. म्हणून तार इनॅमलची जाड, नळी चिनी मातीची, आणि सर्व जुळणी बंद पेटींत असावी. मात्र पेटीचा पत्रा कॉइलपासून निदान तिच्या व्यासाइतका दूर राहावा.

दोन गोष्टी विसरूं नयेत. व्हॉल्व्हच्या प्लेटवर अडीचशें व्होल्टपर्यंत दाब असतो आणि वीज बंद केल्यावरहि पुरवठ्याचा कंडेन्सर भरलेला राहतो; तो रोधकावाटे रिकामा केल्याखेरीज आंत हात घालूं नये. दुसरें असें, कीं ७ ते ७.२ मेगॅहर्ट्झचा पट्टा आज हौशी प्रेषकांसाठीं आहे, पण त्यासाठीं सरकारी परीक्षा व परवाना लागतो. परवाना हातीं येईपर्यंत एरियल जोडूं नये. पेटींतल्या पेटींत प्रयोग करावा.

शेवटीं यंत्र अर्धा तास तापूं द्यावें आणि शेजारच्या खोलींतील रेडिओवर त्याची लहर शोधावी. जेथें ती प्रथम सांपडली तेथेंच अर्ध्या तासानें पुनः सांपडली, म्हणजे टँक सर्किटनें आपलें वचन पाळलें असें समजावें.