शिकाऊ नायक, जाणते प्रेक्षक

‘कॅडेट’ हा शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीमुळे आणि शाळा-कॉलेजांतल्या एनसीसीमुळे तो मराठीत केव्हाच रुळला आहे. अंगावर गणवेश चढला आहे, खांद्यावर हुद्दा अजून यायचा आहे. सॅल्यूट ठोकण्याचं काम आहे, घेण्याचा मान नाही, असा हा मधल्या अवस्थेतला माणूस. त्याला नायक करून अंतराळातली गोष्ट हसतखेळत सांगायची, ही अमेरिकी टेलिव्हिजनची जुनी हौस आहे आणि तिच्याविरुद्धची कुरकुरही काही नवी नाही. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘स्टार ट्रेक: प्रॉडिजी’ ही ॲनिमेशन मालिका सुरू झाली तेव्हा ती पुन्हा कानावर आली. निकलोडियन या मुलांच्या वाहिनीचं नाव मालिकेशी जोडलेलं पाहूनच कित्येक जुन्या प्रेक्षकांनी निकाल देऊन टाकला होता: ही पोराटोरांची मालिका, हलकीफुलकी, आपण कशाला शिंगं मोडून वासरांत शिरा? पुढे दोन वर्षांच्या आत ‘स्टार ट्रेक’चे मोठे, कळते चाहतेच ही मालिका वाचवण्यासाठी वर्गणी काढत होते. मतं बदलतात, त्यात नवल नाही. पण इतकी कशामुळे बदलली, हे पाहण्यासारखं आहे. माझं म्हणणं असं, की प्रेक्षक हलकेपणावर चिडतो तेव्हा त्याला खुपत असतं भलतंच. शिकाऊ म्हणून पुढे केलेलं पात्र शिकताना काही दिसत नाही, हे त्याचं खरं दुखणं असतं. ते नेमकं बोलून दाखवणं अवघड जातं, म्हणून ‘पोरकट’ हा हाताशी असलेला शब्द तो भिरकावतो.

हलकेपणाचंच वावडं असतं तर हा प्रकार जन्मालाच आला नसता. ‘टॉम कॉर्बेट, स्पेस कॅडेट’ ही मालिका १९५० च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि १९५५ पर्यंत चालली. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९४८ च्या कादंबरीवरून तिची कल्पना घेतली होती आणि रॉकेटविषयी लिहिणारे विली ले तिचे तांत्रिक सल्लागार होते. म्हणजे थट्टामस्करी, वसतिगृहातली भांडणं आणि शास्त्राचा आदर हे तिन्ही एकाच पंधरा मिनिटांच्या भागात सुखाने नांदत होते. १९५२ मध्ये तिची रेडिओ आवृत्तीही निघाली, हे रेडिओवरून बोलताना सांगितलेलं बरं. खुद्द मूळ ‘स्टार ट्रेक’चं पाहा. २९ डिसेंबर १९६७ रोजी दाखवला गेलेला ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ हा भाग म्हणजे निव्वळ प्रहसन: केसाळ, गोंडस गोळे वाढत वाढत अख्खं जहाज भरून टाकतात आणि धान्याच्या कोठाराचं दार उघडताच कप्तान कर्क त्यांच्या ढिगाऱ्यात गळ्यापर्यंत बुडतो. चाहत्यांच्या आवडत्या भागांची कुठलीही यादी काढली तरी तो तिच्यात सापडतोच.

मग तरुण पात्रं आली की कपाळाला आठ्या का पडतात? याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे वेस्ली क्रशर. १९८७ मध्ये ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ सुरू झाली तेव्हा जहाजाच्या डॉक्टरीणबाईंचा हा किशोरवयीन मुलगा, विल व्हीटन या नटाने केलेला, मालिकेत आला आणि अल्पावधीत चाहत्यांचा सर्वांत नावडता ठरला. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. याचे पहिल्या दिवसापासून कप्तानाच्या नियंत्रण कक्षातच दिसत होते. अनुभवी अभियंते डोकं खाजवत बसले असताना हा येऊन उपाय सांगणार. अंतराळदलाच्या, म्हणजे स्टारफ्लीटच्या, अकादमीचं तोंड पाहण्याआधीच त्याला जहाजाचे कप्तान पिकार्ड यांनी हंगामी एन्साइन, म्हणजे कनिष्ठ अधिकारी, करून टाकलं. आता हे पात्र हलकंफुलकं होतं का? अजिबात नाही, उलट कमालीचं गंभीर होतं. पण त्याला काही शिकायचं उरलंच नव्हतं. आणि याच वेस्लीचा १९९२ मधला ‘द फर्स्ट ड्यूटी’ हा भाग घ्या. आता तो अकादमीत आहे. त्याच्या उड्डाण पथकाने बंदी असलेली एक कसरत केली आहे, तिच्यात त्यांचा एक सोबती मेला आहे, आणि वाचलेले सगळे मिळून चौकशीत खोटं बोलत आहेत. वेस्लीही बोलतो. पिकार्ड त्याला समोर उभा करून खडसावतात, आणि अखेर तो खरं सांगतो. शिक्षा म्हणून त्याचं वर्ष वाया जातं. वेस्लीला नाक मुरडणारेही हा भाग मालिकेच्या उत्तम भागांत धरतात. नट तोच, पात्र तेच, वय दोनचार वर्षांनी वाढलेलं. फरक एवढाच, की या खेपेला तो चुकला आणि चूक त्याला महागात पडली.

यावर कुणी म्हणेल, की तुम्ही गंभीर भाग निवडलात. प्रेक्षकाला गांभीर्यच हवं होतं, हे यातून सिद्ध होतं. म्हणून दुसरं उदाहरण मुद्दाम विनोदी घेतो. ‘स्टार ट्रेक’च्याच ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेतला नॉग. तो फेरेंगी, म्हणजे मोठ्या कानांच्या, नफ्यापुढे काही न दिसणाऱ्या, मालिकेने हसण्यासाठीच राखून ठेवलेल्या जमातीतला. १९९३ च्या पहिल्याच भागात हा पोरगा चोरी करताना पकडला जातो. १९९५ च्या ‘हार्ट ऑफ स्टोन’ या भागात तो कमांडर सिस्को यांच्याकडे अकादमीसाठी शिफारसपत्र मागायला येतो आणि येताना लॅटिनमची, म्हणजे त्यांच्या चलनाची, थैली घेऊन येतो. लाच म्हणून नव्हे हो, रीत म्हणून! सिस्कोंना आधी ही थट्टाच वाटते. ते त्याला परीक्षेसाठी मालाच्या कोठारातली मोजदाद करायला बसवतात आणि तो ती चोख करून दाखवतो. तरी ते ऐकेनात, तेव्हा त्याचा बांध फुटतो: बाप यंत्रांचा जाणकार, पण भावाच्या बारमध्ये हरकाम्या म्हणून आयुष्य काढतोय, मला तसं व्हायचं नाही. हसवणाऱ्या पात्राच्या तोंडी हे आलं म्हणून ते जड झालं नाही आणि उथळही राहिलं नाही. पुढची चार वर्षं प्रेक्षक या पोराबरोबर एकेक पायरी चढत गेला. ते काम करणारे अ‍ॅरन आयझेनबर्ग २०१९ मध्ये वारले, आणि ‘डिस्कव्हरी’ या मालिकेतल्या एका जहाजाला नॉगचं नाव दिलं गेलं. कुठल्या गंभीर पात्राच्या वाट्याला एवढं प्रेम आलं, ते शोधावं लागेल.

‘स्टार ट्रेक’च्या चित्रपटांकडेही एक नजर टाकू. पाचव्या चित्रपटानंतर निर्माते हार्व बेनेट यांनी कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांच्या अकादमीतल्या दिवसांवर चित्रपट काढण्याची योजना मांडली होती. चाहत्यांत आणि जुन्या नटांत तिला विरोध झाला, ती बारगळली आणि १९९१ मध्ये जुन्याच संचाचा सहावा चित्रपट आला. पुढे २००९ मध्ये जे. जे. अब्राम्स यांनी जवळपास तीच कल्पना पडद्यावर आणली, तिथे ती चालली, धो धो चालली. तरीही एका गोष्टीवर मुरलेले प्रेक्षक अडून बसले: चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागात ज्या कॅडेटवर परीक्षेत फसवणूक केल्याचा ठपका आहे, तो शेवटाला थेट एंटरप्राइझ या जहाजाचा कप्तान होतो. मधल्या पायऱ्या गेल्या कुठे? ही तक्रार थट्टामस्करीबद्दल नव्हती, तरुण चेहऱ्यांबद्दलही नव्हती. कष्टावाचून मिळालेल्या बढतीबद्दल ती होती, आणि २०१३ च्या पुढच्या चित्रपटात कर्ककडून जहाज काढून घेऊन त्याला तू अजून तयार नाहीस असं सुनावणारा प्रसंग घालावा लागला, यावरून ती लेखकांपर्यंतही पोचली असावी.

आता ‘प्रॉडिजी’. केव्हिन आणि डॅन हेगमन या भावांच्या या मालिकेत टार्स लमोरा नावाच्या खाणवजा तुरुंगातून पळालेली पोरं एका सोडून दिलेल्या जहाजात शिरतात. जहाज स्टारफ्लीटचं, पण स्टारफ्लीट म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नाही. जहाजातली कप्तान जेनवेची, म्हणजे ‘स्टार ट्रेक’च्या एका जुन्या मालिकेतल्या नायिकेची, संगणकीय प्रतिमा त्यांना कॅडेट समजते, आणि ही पोरंही हो, आम्ही कॅडेटच, अशी थाप मारून मोकळी होतात. या थापेत मालिकेचं सगळं चातुर्य आहे. वेस्लीच्या वेळी पात्राला सगळं येत होतं आणि प्रेक्षक तोंड वासून बघत होता. इथे उलट झालं: प्रेक्षकाला सगळं ठाऊक, पोरांना काहीच नाही. जुना चाहता नकळत शिक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसला, आणि शिक्षकाला विद्यार्थ्याच्या चुका गोड वाटतात. जानेवारी २०२२ मधला ‘कोबायाशी’ हा भाग बघावा. डॅल नावाचा सतरा वर्षांचा, तोंडाने वाघ असलेला पोरगा अकादमीची ती प्रसिद्ध, जिंकताच न येणारी कवायत देतो. सोबतीला निवडतो स्पॉक, उहुरा, स्कॉटी, ओडो अशी जुन्या मालिकांतली मातब्बर मंडळी. हरतो. पुन्हा देतो, पुन्हा हरतो. किती वेळा, ते मोजण्यात अर्थ नाही. अखेर एकदा विजय अगदी हातात येतो, स्वारी खुशीत येऊन पाय वर टाकते, पायाने नको ते बटण दाबलं जातं, आणि झालं, जहाजासकट सगळं भस्म! इतका खळखळून हसवणारा पराजय या मालिकांत विरळा. त्याच पर्वातला रॉक-टाकचा भागही असाच. ही पत्थराच्या डोंगरासारखी अवाढव्य आकृती; पहिल्या भागात भाषांतर यंत्र सुरू होतं आणि तिच्या गुरगुरण्यातून आठ वर्षांच्या चिमुरडीचा आवाज निघतो. नंतर एका प्रसंगात काळ विस्कटतो आणि तिला जहाजावर एकटीला प्रदीर्घ काळ काढावा लागतो. आजवर तिला सगळ्यांनी अंगबळाच्या कामालाच जुंपलं होतं. या एकांतात ती पुस्तकी विद्या आणि यंत्रविद्या अक्षरशः पहिल्यापासून शिकते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जुने चाहते ‘कोबायाशी’वर भाळले ते डॅलच्या चुकांमुळे नव्हे, जुन्या आवाजांमुळे, असं म्हणता येईल. लेनर्ड निमॉय, निशेल निकल्स, जेम्स डूहन या स्पॉक, उहुरा, स्कॉटीच्या मूळ नटांचे आवाज जुन्या ध्वनिमुद्रणांतून उचलून त्या भागात बसवले होते. स्मृतीची गुदगुली झाली आणि टाळ्या पडल्या. यात तथ्य आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या भागात हे थोर लोक करतात काय, तेही बघायला हवं. ते डॅलला वाचवत नाहीत. त्यांच्या पंगतीला बसूनही तो हरतच राहतो, आणि स्पॉकचे बोल त्याच्या कानात शिरतात ते हरून हरून थकल्यावर. आठवणींचा नुसता सडा घातला असता तर एक संध्याकाळ बरी गेली असती. पुढचे भाग पाहायला लोक टिकले नसते.

दुसरा आक्षेप मला जास्त सतावतो. ज्यांच्यासाठी मालिका काढली ती मुलं काय म्हणतात, हे या गदारोळात कुणी विचारलंच नाही. जून २०२३ मध्ये पॅरामाउंट प्लसने मालिका रद्द तर केलीच, वर आपल्या संग्रहातूनही काढून टाकली. खर्चाचे हिशेब जुळवण्यासाठी अशा बऱ्याच मालिकांवर तेव्हा कुऱ्हाड पडली. मग अर्ज झाले, वर्गणी निघाली, लॉस एंजेलिसच्या आभाळात फलक ओढणारं विमान फिरलं. ऑक्टोबरात नेटफ्लिक्सने मालिका घेतली, नाताळच्या दिवशी पहिलं पर्व लावलं आणि १ जुलै २०२४ रोजी दुसरं, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या घरांतही ते दिसू लागलं. पण विमान भाड्याने घेणारे काही आठ वर्षांचे नव्हते. गंमत म्हणजे १९५० च्या सुमाराला मुलांचा कौल जास्त नेमका मिळत असे: टॉम कॉर्बेटची प्रायोजक केलॉग कंपनी होती, तिच्या न्याहारीच्या पाकिटाचं झाकण कापून पाठवलं की कॅडेटची वस्तू घरपोच यायची, आणि किती झाकणं आली हे कंपनीला बसल्या जागी कळायचं. तेव्हा मी जे बोलतो आहे ते मोठ्यांच्या प्रतिक्रियांबद्दल, हे मान्य. मात्र त्याने माझा मुद्दा ढासळत नाही. कारण ‘हे फक्त मुलांचं’ ही तक्रार मोठ्यांचीच होती आणि ती मागे घेतली तीही मोठ्यांनीच.

दुसऱ्या पर्वात वेस्ली क्रशर परत आला, पुन्हा विल व्हीटनच्याच आवाजात. आता तो काळाच्या पलीकडून फिरणारा प्रवासी आहे, भरभर बोलतो, मध्येच भरकटतो, आणि सगळं कळत असूनही या पोरांच्या मदतीवाचून त्याचं काही चालत नाही. पूर्वी ज्याला पाहून लोक वैतागत, त्याचं चाहत्यांनी स्वागत केलं. या पर्वाच्या शेवटी मंगळावर हल्ला होतो, स्टारफ्लीट हात आखडता घेते, आणि अकादमीचा नेहमीचा अभ्यासक्रम पुरा न करताच या पोरांना एन्साइन करून ‘प्रॉडिजी’ हे जहाज सोपवलं जातं. २००९ च्या कर्कवर जो आरोप झाला तो इथे शब्दशः लागू पडतो, तरी तसा गलका काही झाला नाही. चाळीस भाग पोरांना ठेचा खाताना पाहिलेल्या प्रेक्षकाच्या लेखी अकादमी केव्हाच पार पडली होती. आणि कप्तानाच्या खुर्चीशी आल्यावर, पहिल्या दिवसापासून तिच्यासाठी भांडणारा डॅल बाजूला होतो आणि आपल्या सोबतिणीला, ग्विनला, म्हणतो, तू बस.