एक पाणी, दोन बंदरे

पनवेलला येणारी लोकल हार्बर लाइनची. पोर्ट लाइन कोणी म्हणत नाही. मराठीत मात्र हार्बर आणि पोर्ट, दोन्हींना आपण बंदरच म्हणतो. फारसीतून आलेला हा शब्द मला प्रिय, पण इथे तोकडा पडतो. हार्बर म्हणजे गलबताला वाऱ्या-लाटांपासून आडोसा देणारे पाणी. पोर्ट म्हणजे धक्के, गोद्या, जकात, मालाची चढउतार. मुंबईचे हार्बर एकच. त्यावर मोठी पोर्ट दोन, जुने मुंबईचे आणि १९८९पासून न्हावाशेव्याचे. आमच्या नेऱ्याला समुद्र नाही, शांतिवन आहे. घरांनी टाकलेल्या कुष्ठरुग्णांना तिथे हार्बर मिळाले, आणि पुढे हाताला काम मिळून त्याचे पोर्टही झाले.