राउटरची किल्ली मालकाच्याच हाती हवी

(लाखनी, जि. भंडारा येथे व्यापारी, राईस मिलचालक व सेवा केंद्रचालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



लाखनी हे भंडारा जिल्ह्याच्या धान पट्ट्यातील तालुक्याचे ठिकाण. आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी शेतकऱ्याला ऑनलाइन नोंदणी करावी लागते. त्यासाठी तो सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक घेऊन केंद्रावर येतो. ही सारी माहिती ज्या लहानशा पेटीतून बाहेर जाते, ती पेटी म्हणजे राउटर. रात्री दुकानाला कुलूप लावल्यावाचून कोणी घरी जात नाही. परंतु या पेटीलाही कुलूप असते, याची जाणीव फार थोड्यांना असते.

राउटरला दोन किल्ल्या असतात. पहिली वाय-फायच्या पासवर्डची. ती सर्वांच्या परिचयाची आहे. दुसरी राउटरच्या अंतर्गत रचनेत फेरफार करण्याची. ती कारखान्यातूनच ठरून येते. अनेक जुन्या राउटरांत वापरकर्त्याचे नाव ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’ असे. गावातील सर्व घरांना एकच किल्ली लागावी, असाच हा प्रकार होय.

याचा प्रत्यय जुलै २०१७ मध्ये आपल्या देशातच आला. भारत संचार निगमाच्या हजारो ग्राहकांचे मोडेम एका घातक आज्ञावलीने निकामी केले. मूळचा पासवर्ड कायम असलेली यंत्रेच तिच्या तावडीत सापडली. पासवर्ड बदलण्याचे आवाहन निगमाला ग्राहकांना करावे लागले.

यंत्र बंद पडले तर ते निदान कळते तरी. त्याहून घातक प्रकार ब्राझीलमध्ये घडला. तेथे २०११ पासून सुमारे ४५ लाख मोडेममध्ये चोरट्यांनी शिरकाव केला. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधण्याची जी व्यवस्था असते, तीच त्यांनी बदलली. ग्राहक बँकेचे नाव अचूक टाइप करी, पण पोहोचे मात्र बनावट पानावर. संगणकात कोणताही दोष नसताना केवळ राउटरमुळे अशी फसवणूक होऊ शकते.

वाय-फाय उघडे ठेवण्याचा धोका महाराष्ट्राने अनुभवला आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे धमकीचा ई-मेल पाठविण्यात आला होता. तपासाचा माग नवी मुंबईतील एका घरातील पासवर्ड नसलेल्या वाय-फायपर्यंत पोहोचला. गुन्हा दुसऱ्याचा, पण चौकशीला सामोरे जाण्याची वेळ त्या घरातील रहिवाशावर आली. त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी असुरक्षित वाय-फाय शोधण्याची मोहीम हाती घेतली.

यावरील उपाय खर्चाचे नाहीत. जोडणी करून देणारा तंत्रज्ञ जाण्यापूर्वीच दोन्ही पासवर्ड बदलून घ्यावेत. ते लांब आणि परस्परांहून भिन्न असावेत, व राउटरवर चिकटवून ठेवू नयेत. वाय-फायसाठी ‘डब्ल्यूपीए २’ किंवा ‘डब्ल्यूपीए ३’ ही सुरक्षा पद्धत निवडावी. बाहेरून राउटर हाताळण्याची सोय आणि बटण दाबून जोडणी देणारी ‘डब्ल्यूपीएस’ सोय गरज नसल्यास बंद ठेवावी. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना वाय-फाय द्यायचे झाल्यास पाहुण्यांसाठीची स्वतंत्र जोडणी द्यावी. हिशेबाचा संगणक त्या जोडणीवर नसावा.

राउटरमधील आज्ञावलीत कालांतराने उणिवा आढळतात व निर्माते त्यांवर सुधारणा उपलब्ध करून देतात. त्या वेळोवेळी बसवून घ्याव्यात. ज्या राउटरसाठी अशा सुधारणा येणे थांबले आहे, तो चालू स्थितीत असला तरी बदलणेच हिताचे. संगणकातील घातक आज्ञावली काढून टाकण्याची साधने केंद्र शासनाच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून विनामूल्य उपलब्ध केली आहेत. पैशाची फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.

शेतकरी आपली कागदपत्रे केंद्रचालकाच्या हाती देतो, ती विश्वासाने. राउटर म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणूनच ती किल्ली सांभाळण्याची जबाबदारी पेटीच्या मालकावर येते. पासवर्ड बदलण्यास काही मिनिटे पुरतात. धानाच्या चुकाऱ्यामागे मात्र साऱ्या हंगामाचे कष्ट असतात.