सोडियमची वही



चाकणहून भोसरीला येताना कंपनीच्या बसमध्ये मी असंबद्ध बोलू लागलो. सोबत्यांना वाटलं, हा पिऊन आलाय. रक्तात सोडियम निघालं ११८. हवं १३५ ते १४५. मूत्रपिंडाचा आजार जुनाच आहे; पण सोडियम मधूनच का घसरतं, हे चार वर्षांत डॉक्टरांनाही उमगलेलं नाही. "मीठ खा, भरपूर पाणी पी," असं सगळे सांगतात. पण जादा पाण्यानंही सोडियम उतरतं!

म्हणून वही ठेवतो: पाणी, वजन, गोळ्या, तपासणीचे आकडे. बाईंनी लावलेली रोजनिशीची सवय अशी कामी आली. कारण सापडलं नाही, पण घसरण लवकर कळते.

एकच विनंती: मी कधी बरळू लागलो, तर हसू नका, दवाखान्यात न्या.