शेगडीमागची नळी



रात्री दाराची कडी आपण दोनदा पाहतो. पण शेगडीमागची रबरी नळी किती वर्षांची, हे कितीजणींना ठाऊक आहे? आय.एस.आय. खुणेची नळी फार महाग नसते. ती पाच वर्षांनी बदलावीच. सिलिंडरच्या मानेजवळच्या पट्टीवर 'बी-२७' असेल, तर त्याच्या तपासणीची मुदत जून २०२७ पर्यंत समजावी. मुदत टळलेला घेऊ नये.

गॅस हवेहून जड, म्हणून जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, मुलांना घेऊन बाहेर पडा नि १९०६ वर कळवा.

सणाच्या यादीत यंदा पहिली नळी लिहा, एवढीच विनंती.